कोण मोजतंय आणि कशासाठी? १८९७ चा प्लेग आणि पुण्याची मोजणी

आज आपण जिथे जमलोय तिथून मंडई चालत पाच मिनिटांवर आहे. येताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो मनोरा पाहिला असेल, काहींच्या पिशवीत भाजीही दिसतेय. तेव्हा सुरुवात मंडईपासूनच करू. विषयही तिथूनच निघतो.

मंडईची ही इमारत १८८६ साली उघडली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ती 'रे मार्केट' झाली. त्याआधी बाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरत असे. आज या मंडईला महात्मा फुल्यांचं नाव आहे. जोतीराव नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. त्यांचं म्हणणं असं की हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घालावा. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव लागलं. मंडईजवळच लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. फुले आणि टिळक या दोन्ही घरांत प्लेगनं माणसं नेली. सावित्रीबाई १८९७ मध्ये गेल्या, टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ मध्ये गेला.

आजचा विषय साथ आणि आकडे असा आहे. 'डेटा' हा शब्द करोनाच्या काळात घराघरात पोचला. रोज संध्याकाळी आकडे यायचे, आपण आलेख बघायचो, 'डबलिंग रेट' वगैरे शब्द बोलायला लागलो. पण साथीत माणसं मोजणं ही काही नवी गोष्ट नाही. पुण्यानं ती सव्वाशे वर्षांपूर्वी फार कडवटपणे अनुभवली आहे. त्या अनुभवातून मला एकच मुद्दा तुमच्यापुढे ठेवायचा आहे. आकडा खरा येतो की खोटा, हे मोजणाऱ्याच्या हुशारीवर जेवढं ठरतं, त्याहून जास्त एका साध्या प्रश्नावर ठरतं: खरं सांगितल्यावर सांगणाऱ्याचं काय होतं?

'ताप' या शब्दाआड

सप्टेंबर १८९६. मुंबईतला मांडवी भाग, म्हणजे बंदराजवळची गोदामं, धान्याचे व्यापारी आणि दाटीवाटीची वस्ती. तिथे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रुग्ण तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असं जाहीर केलं. व्हिएगस मूळचे गोव्याचे. अनेकांनी तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. व्यापाऱ्यांना धंद्याची काळजी, सरकारला बंदराची. प्लेग जाहीर झाला की परदेशी बंदरं मुंबईची जहाजं अडवणार.

मग मेलेल्यांची नोंद कशी होत होती? 'ताप' म्हणून. मृत्यूच्या नोंदवहीत कारणाचा एक रकाना असतो. नातेवाईक सांगतील ते कारकून लिहितो, आणि 'ताप' हे असं कारण आहे की त्यात काहीही मावतं. त्यामुळे कारणाच्या रकान्यावरून साथ ओळखू येत नव्हती. ओळखू येत होती ती एकूण मृत्यूंवरून. दर आठवड्याला शहरात साधारण किती माणसं मरतात हे नगरपालिकेला ठाऊक असे. त्याहून किती तरी जास्त मरायला लागली, तर कारण काहीही लिहिलेलं असो, काही तरी घडतंय हे उघड होतं. आज आपण याला 'अतिरिक्त मृत्यू' म्हणतो. करोनाच्या काळात हा शब्द नव्यानं ऐकला, पण पद्धत जुनी आहे.

लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू घरोघर शोधून नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटच्या एका पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं. पंपाचा दांडा काढला गेला. साथ आणि आकडे यांचा विषय निघाला की ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. स्नो लोकांना विचारत होते, तुमच्याकडे पाणी कुठून येतं? उत्तर देणाऱ्याला घरातून बाहेर काढलं जाणार नव्हतं. पुण्यात नेमकं उलटं झालं.

मुंबईहून माणसं पळाली ती रेल्वेनं पुण्याला आली. १८९६ संपताना इथे तुरळक रुग्ण दिसू लागले आणि फेब्रुवारी १८९७ च्या अखेरीस शहरातले मृत्यू नेहमीच्या दुपटीवर गेले. त्याच सुमारास निम्मं शहर गाव सोडून गेलं होतं.

ही दोन वाक्यं जोडून वाचली तर काय दिसतं बघा. १८९१ च्या जनगणनेत लष्कराचा भाग धरून पुण्याची वस्ती एक लाख एकसष्ट हजारांच्या घरात होती. मृत्यूचं प्रमाण काढायचं तर वर मेलेल्यांची संख्या, खाली एकूण लोकसंख्या. पण खालची लोकसंख्या जर निम्म्यावर आली असेल, तर 'दुप्पट' मृत्यू म्हणजे मागे राहिलेल्यांसाठी जवळजवळ चौपट धोका झाला. आणि मागे कोण राहिलं? ज्यांना जायला जागा नव्हती ते. ज्यांचं गावाकडे शेत होतं, घर होतं, गाडीभाड्याला पैसे होते, ते गेले. हमाल, रोजंदारीवाले, भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बायका राहिल्या. बेरीज बरोबर असूनही आकडा फसवतो तो असा. भागाकार करताना खालची संख्या कुठली घेतली, हे कोणी सांगत नाही.

अडुसष्ट दिवस

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. लहानसा कायदा, पण सरकारला जवळजवळ काहीही करण्याची मुभा देणारा. हाच कायदा २०२० मध्ये आपल्याला लागू झाला होता. ८ मार्चला पुण्यासाठी खास प्लेग समिती नेमली गेली. अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड. साताऱ्याहून आणलेले सनदी अधिकारी. जोडीला लेफ्टनंट फिलिप्स आणि लष्करी डॉक्टर बेव्हरिज. बेव्हरिज यांना १८९४ च्या हाँगकाँगच्या प्लेगचा अनुभव होता.

समितीचं काम १३ मार्चला सुरू झालं आणि १९ मेला थांबलं. म्हणजे अडुसष्ट दिवस. या कामावर अधिकारी आणि शिपाई मिळून ८९३ जण होते, गोरे आणि देशी दोन्ही. पद्धत अशी की सैनिकांच्या तुकड्या पेठेत यायच्या, घर न् घर तपासायच्या, आजारी माणूस सापडला की त्याला प्लेगच्या इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत न्यायच्या. घरातलं सामान बाहेर काढायचं, काही जाळायचं, जमीन उकरायची, भिंतींना चुना लावायचा. मेलेल्यांचीही तपासणी व्हायची, परवानगीशिवाय अंत्यविधी करता येत नसे.

आता या व्यवस्थेकडे माहिती गोळा करण्याची व्यवस्था म्हणून बघा. कागदावर ती उत्तम आहे. प्रत्येक घर, प्रत्येक माणूस, प्रत्येक प्रेत. नमुना पाहणी नाहीच, सरसकट मोजणी. इतकी संपूर्ण मोजणी क्वचितच कुठे झाली असेल.

पण घराच्या आतून बघा. तुमच्या आईला ताप आलाय. काखेत गाठ आहे की नाही, तुम्हाला खात्री नाही. तिचं नाव सांगितलंत तर ती इस्पितळात जाणार, आणि तिथून माणूस परत येत नाही असं पेठेत सगळे म्हणतायत. बायको-मुलं छावणीत. घरातली भांडीकुंडी रस्त्यावर. सोवळंओवळं, पडदा, देवघर, सगळ्यावर बुटांचे पाय. बायकांना परके सैनिक तपासणार. तुम्ही काय कराल? लपवाल. लोकांनी तेच केलं. आजारी माणसाला माळ्यावर, कोठीत, शेजाऱ्याच्या परसात लपवलं. तुकडी येण्याआधी रुग्ण दुसऱ्या पेठेत हलवला. प्रेतं गुपचूप पुरली.

मग या सगळ्यातून अखेरचा आकडा काय निघाला? या काळात पुण्यात प्लेगनं मेलेल्यांची संख्या धरली गेली २,०९१, आणि तीही अंदाजे. ८९३ माणसं, अडुसष्ट दिवस, प्रत्येक घराच्या आत, आणि शेवटी अंदाजच बांधावा लागला.

न्यायानं बोलायचं तर एक गोष्ट सांगायला हवी. समितीचा हेतू साथ थांबवण्याचाच होता, आणि मे महिन्यात साथ खरोखर ओसरली. समर्थकांनी श्रेय घेतलं. पण दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात प्लेग तसाही उतरतो, हे पुढे वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून दिसलं. पावसाळा सरता सरता १८९७ मध्येच प्लेग पुण्यात परत आला. 'आम्ही उपाय केला आणि आकडा उतरला' हे वाक्य ऐकलं की आधी ऋतू बघावा.

२२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला. चापेकर बंधूंची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे, ती मी पुन्हा सांगत नाही. मला त्यानंतर घडलेली एक कमी सांगितली जाणारी गोष्ट सांगायची आहे.

गोखल्यांचा पुरावा

गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. वय एकतीस. वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले होते. हिंदुस्थानच्या खर्चाचे आकडे त्यांना तोंडपाठ. आकड्यांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस तेव्हाच्या सार्वजनिक जीवनात दुसरा शोधावा लागला असता. त्यांना पुण्याहून पत्रं जात होती. सैनिकांनी काय काय केलं, स्त्रियांवर कसे अत्याचार झाले, याची पत्रं. त्यांवर विसंबून गोखल्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात आरोप केले. मोठी खळबळ झाली.

ते परत आले आणि पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणारे कोणीही उघडपणे पुढे यायला तयार नव्हते. आणि का यावं? जुलैच्या अखेरीस टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. नातू बंधूंनी प्लेगच्या कारभाराविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. त्यांना १८२७ च्या एका जुन्या कायद्याखाली, खटला न चालवता, पकडून ठेवलं गेलं. अशा दिवसांत कोणती बाई, कोणाचा भाऊ सरकारपुढे उभा राहून आपल्या घरात काय झालं ते सांगणार? गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. स्वतःच्या लोकांकडूनही त्यांनी त्यासाठी पुष्कळ सोसलं. आणि पुढच्याच वर्षी हेच गोखले पुण्यात प्लेगच्या कामाला स्वयंसेवक म्हणून उभे राहिले.

या प्रसंगावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. कोणी म्हणतात, पुरावा नव्हता, म्हणजे काही घडलंच नव्हतं. कोणी म्हणतात, गोखले घाबरले. मला दोन्ही पटत नाहीत. ज्या गोष्टीची साक्ष देणाऱ्यालाच शिक्षा होते, तिचा पुरावा दप्तरात सापडत नाही. दप्तर कोरं आहे याचा अर्थ लावताना ते कोणत्या दिवसांत कोरं राहिलं हेही बघावं लागतं. रुग्ण लपले आणि साक्षीदार लपले, दोन्हींचं कारण एकच होतं.

जे मोजलंच नाही

आता उंदरांकडे येऊ.

जुन्या माणसांच्या तोंडी 'उंदीर पडले' हा शब्दप्रयोग होता. आढ्यावरून, माळ्यावरून उंदीर पडू लागले, म्हणजे मरून पडू लागले, की घर सोडायचं आणि गावाबाहेर शिवारात झोपड्या घालून राहायचं. खेड्यापाड्यांतून लोक हे करत होते. ही माहितीच होती आणि फार मोलाची होती. माणूस आजारी पडण्याच्या कितीतरी दिवस आधी मिळणारा इशारा होता तो.

पण १८९७ मध्ये सरकारी नजर माणसांवर, घाणीवर आणि दमट घरांवर होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकानं १८९८ मध्ये कराचीत मांडलं. तेव्हा त्याचं फारसं कोणी ऐकलं नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधकांनी मुंबईभर उंदीर पकडले, कुठल्या गल्लीत कोणत्या जातीचे उंदीर किती मेले याच्या नोंदी ठेवल्या आणि त्या माणसांच्या आजाराच्या नोंदींशेजारी मांडल्या. आधी उंदरांत साथ, मग काही दिवसांनी माणसांत, हा क्रम उघड झाला. साथीच्या अभ्यासातलं हे फार मोठं काम आहे आणि ते आपल्या मुंबईत झालं.

म्हणजे १८९७ च्या पुण्यात माणसं हुसकून काढून मोजली जात होती, तेव्हा धान्याच्या कोठारांत आणि बाजारातल्या गाळ्यांत उंदीर मरत होते आणि ते मोजायचं कोणाच्या ध्यानात नव्हतं. ज्यांच्या ध्यानात होतं, त्यांना कोणी विचारलं नाही. लोक गाव सोडून जातायत हे सरकारला पळपुटेपणा वाटत होतं. पुष्कळदा तोच शहाणपणा होता.

याच मार्चची आणखी एक तारीख. रँड यांची समिती नेमली गेली ८ मार्चला. १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. सावित्रीबाई तिथे रुग्णांची सेवा करत होत्या आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. त्यांच्याकडे लोक आपण होऊन रुग्ण आणत होते, कारण तिथे उपचार होते, माया होती. आजारी माणूस कुठे सापडतो? जिथे त्याची काळजी घेतली जाते तिथे. सैनिकांना धाड घालून जे कळत नव्हतं, ते त्या दवाखान्याच्या दारात सहज कळत होतं.

मोजणारेच आजारी

१९१८ चा इन्फ्लुएंझा थोडक्यात सांगतो, कारण तिथे आकड्याचं वेगळंच दुखणं दिसतं. जूनमध्ये तो मुंबईत आला, सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यानं कहर केला. खेड्यात मृत्यूची नोंद ठेवायचे गावकामगार. तेच अंथरुणाला खिळले, तर नोंद कोण करणार? सरकारचा सुरुवातीचा अंदाज होता साधारण साठ लाख मृत्यू. पुढे १९२१ ची जनगणना झाली. आजच्या भारताच्या हद्दीचा हिशेब धरला, तर १९११ मध्ये लोकसंख्या होती सुमारे २५.२ कोटी, आणि दहा वर्षांनी ती वाढायच्या ऐवजी किंचित कमी, २५.१ कोटी. मधली माणसं गेली कुठे? या फरकावरून अभ्यासकांनी मांडलेले अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात. साथीच्या वेळी ज्यांची नोंद झाली नाही, ती माणसं जनगणनेत 'नसलेली' म्हणून सापडली.

दारावरची थाप

आता परत मंडईत येऊ. १९३० साली पुण्यात गोखल्यांच्या नावानं अर्थशास्त्राची संस्था सुरू झाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. या संस्थेच्या अगदी पहिल्या प्रकाशनांपैकी एक कशावर असावं? पुण्यातल्या फळबाजारावर. १९३३. फळ शेतातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत मधे कोण किती घेतो, याची पाहणी. आपल्याला घासाघीस वाटते, त्यांना त्यात शेतकऱ्याच्या मिळकतीचा प्रश्न दिसला.

मग १९३६-३७ मध्ये संस्थेनं पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. कुटुंबं निवडायची, घरी जायचं, विचारायचं: घरात माणसं किती, कमावती किती, काम काय, मिळकत किती, खोल्या किती. थोडा विचार करा. याच पेठा. प्लेगला जेमतेम चाळीस वर्षं झालेली. ज्यांच्या लहानपणी सैनिक घरात शिरले होते, ती माणसं आता घरातली वडीलधारी होती. त्यांच्या दारावर कोणी तरी वही घेऊन येतो, थाप देतो, आणि आत येऊ का म्हणून विचारतो. लोकांनी सांगितलं. त्याचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच संस्थेतून १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास आला. राष्ट्रीय नमुना पाहणीतल्या कुटुंबखर्चाच्या आकड्यांवरून त्यांनी दाखवलं की १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागात साधारण चाळीस टक्के आणि शहरांत पन्नास टक्के लोकांना पुरेसं अन्न मिळण्याइतकाही खर्च परवडत नव्हता. देशभर त्यावर वाद झाला. आज जगभर विकासाची चर्चा दारिद्र्यरेषेच्या भाषेत चालते. त्या चर्चेतलं एक महत्त्वाचं पान डेक्कन जिमखान्यावर लिहिलं गेलं. आणि त्यामागे हजारो घरांतल्या बायका-पुरुषांनी प्रश्न विचारायला आलेल्या अनोळखी माणसाला, महिन्याला ज्वारी किती लागते, हे खरं सांगितलेलं होतं.

२०२०

९ मार्च २०२० ला दुबईहून आलेल्या पुण्यातल्या दांपत्याचा अहवाल आला. महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण. काही दिवसांत बाहेरून आलेल्यांच्या हातावर शाईचे शिक्के मारले जाऊ लागले, घरांच्या दारावर कागद चिकटले. एप्रिलमध्ये मध्यवर्ती पेठांचे भाग सील झाले. आणि सव्वाशे वर्षांनी पुन्हा तेच ऐकू येऊ लागलं: 'खोकला आला तरी सांगू नकोस, उचलून नेतील.' सोसायट्यांमध्ये रुग्णाच्या घरच्यांशी लोक कसे वागले, ते तुम्ही पाहिलंय. सैनिक नव्हते. भीती शेजाऱ्यांची होती. पण परिणाम आकड्यावर तोच.

मात्र त्याच वर्षी दुसरीही एक गोष्ट झाली. २० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात पुण्यात रक्ताची पाहणी झाली. 'सिरो सर्व्हे' म्हणून तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. आयसर ही विज्ञानसंस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि महापालिका यांनी मिळून ती केली. सावित्रीबाईंचं नाव या कामावर असावं, यापरतं योग्य काय. पाच प्रभागांतल्या १,६६४ लोकांनी संमतीनं रक्त दिलं. एकूण ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिद्रव्यं सापडली. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना संसर्ग होऊन गेला होता, आणि त्यातल्या बहुतेकांना कळलंही नव्हतं. नोंदीतले रुग्ण त्या मानानं अगदी थोडे.

इथेही खालची संख्या विसरू नका. हे पाच प्रभाग जास्त रुग्णांचे म्हणूनच निवडलेले होते. 'निम्म्या पुण्याला करोना होऊन गेला' अशी बातमी फिरली, ती चूक होती.

पण आतले आकडे बघा. कसबा-सोमवार पेठेत ३६ टक्के, लोहियानगर-कासेवाडीत ६५ टक्के. दोन्ही भाग मंडईपासून फार लांब नाहीत. आणि ज्यांच्या घरात स्वतःचं स्वच्छतागृह होतं, त्यांच्यात साधारण ४५ टक्के, तर सामाईक स्वच्छतागृह वापरणाऱ्यांत ६२. एका लहान पाहणीनं सांगितलं की 'घरात राहा' हा सल्ला ज्याच्या घरात संडास आहे त्याच्यासाठी आहे. रुग्णांच्या रोजच्या आकड्यांतून हे कधीच कळलं नसतं. साथीची माहिती आणि विकासाची माहिती या दोन वेगळ्या वह्या नाहीत, ते इथे दिसतं. वस्तीत संडास किती, हा आकडा साथ येण्याआधी दहा वर्षं ज्यांनी गांभीर्यानं घेतला असता, त्यांनी ही साथ थोडी तरी रोखली असती.

आणि मेलेल्यांचं काय? मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अंदाज दिला: २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू. सरकारी नोंदीत करोनाचे मृत्यू होते पाच लाखांच्या आत. भारत सरकारनं पद्धतीवर आक्षेप घेतला. अशा वादात घरबसल्या बाजू घेऊ नये, पद्धत वाचावी. पण ज्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्यासाठी हा वाद कागदी नव्हता. पन्नास हजारांची मदत मिळायची तर मृत्यू करोनानं झाला हे कागदावर असावं लागत होतं. कारणाच्या रकान्यात दुसरं काही लिहिलं असेल, तर त्या घराला पुन्हा एकदा फेऱ्या मारणं आलं.

शेवटी

मंडईत जुनी म्हण आहे, मापात पाप नको. आपण ती विकणाऱ्याला ऐकवतो. साथीच्या मापात पाप दोन्ही बाजूंनी शिरतं. मोजणाऱ्याला आकडा कमी दाखवायचा असतो किंवा वेळेत भरायचा असतो. सांगणाऱ्याला स्वतःला वाचवायचं असतं. सांगणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. १८९७ च्या पुणेकराला तुम्ही लपवल्याबद्दल दोष द्याल का? मी नाही देणार.

म्हणून कुठलाही आकडा समोर आला की मी आता एवढंच विचारतो. हा कोणी मोजला? खाली भागाकाराला कोणती माणसं धरली? आणि ज्याला मोजलं, त्याला त्यातून काय मिळालं? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' किंवा 'त्रास' असं असेल, तर पहिली दोन उत्तरं कितीही चांगली असोत, आकड्यावर मी फार भार टाकत नाही.

मघाशी चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय: 'मग सरकारला माहिती द्यायची की नाही?' द्यायची, आणि तिचा हिशेबही मागायचा. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली रेशनवर किती माणसं धरायची, हे २०११ च्या लोकसंख्येवर ठरलेलं आहे. मधल्या वर्षांत जन्मलेली, शहरात आलेली, लग्न होऊन नवं घर मांडलेली माणसं त्या आकड्यात कुठे आहेत? मोजलं जाणं हा इथे त्रास नाही, तो हक्क आहे, आणि न मोजल्याचं नुकसान पोटावर येतं. तेव्हा दार वाजलं आणि वही घेऊन कोणी आलं, तर त्याला बसायला सांगा, पाणी द्या, खरं सांगा. आणि जाण्याआधी विचारा: याचं पुढे काय करणार?